तीन पेन्सचा कर आणि आठ वर्षांचं युद्ध

सांजवेळ

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेत. गेल्या शनिवारी त्यांना बॉस्टनला घेऊन गेले होते. ओल्ड साउथ मीटिंग हाउस बघितलं. विटांची साधी इमारत, आत पांढऱ्या लाकडाच्या कप्प्यांमधली बाकं. १६ डिसेंबर १७७३ ला याच सभागृहात आणि बाहेरच्या रस्त्यावर मिळून पाच हजारांच्या आसपास माणसं जमली होती, आणि इथूनच उठून लोक बंदरावर चहा बुडवायला गेले.

बाबांची अख्खी नोकरी महसूल खात्यात गेली. तलाठी म्हणून लागले, मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाले. मी त्यांना सांगत होते की इंग्लंडच्या १७७३ च्या चहा कायद्याने चहा उलट स्वस्त होणार होता. कर होता पौंडभर वजनाला तीन पेन्स, आणि तोही नवा नव्हता, सहा वर्षं जुना होता. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हा पैसा जमा कुठल्या लेखाशीर्षात व्हायचा?"

मी गप्प. आजवर मी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा हा इतिहास "आमचा प्रतिनिधी नाही तर कर नाही" एवढ्या एका घोषणेवर वाचला होता. पैसा जातो कुठे, हे कधी बघितलंच नव्हतं. घरी येऊन शोधायला बसले आणि सगळी गोष्ट वेगळीच दिसायला लागली. म्हणून हा धागा.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. १७६३ मध्ये इंग्लंड-फ्रान्सचं सात वर्षांचं युद्ध संपलं. इंग्लंड जिंकलं, कॅनडा मिळाला, पण सरकारी कर्ज साधारण साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या पुढे गेलं. शिवाय अमेरिकेत दहा हजार सैनिक ठेवायचे ठरले. मग पंतप्रधान ग्रेनव्हिलने वसाहतींकडे मोर्चा वळवला.

पहिला कायदा १७६४ चा, मळीवरचा. हो, साखर कारखान्यात उरते तीच मळी. न्यू इंग्लंडमधले, म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या ईशान्य वसाहतींतले लोक फ्रेंच बेटांवरून मळी आणून तिची रम गाळत. तिच्यावर १७३३ पासून गॅलनला सहा पेन्स कर होता, पण तो भरत कुणीच नसे. चोरटी आयात, नाहीतर कस्टमवाल्याचा हात ओला. ग्रेनव्हिलने कर निम्मा केला, तीन पेन्स. आणि वसुली मात्र खरोखरची सुरू केली. माल पकडला तर खटला दूर हॅलिफॅक्सच्या आरमारी न्यायालयात चालू शकत होता, तिथे ज्युरी नाही.

मग १७६५ चा स्टॅम्प अ‍ॅक्ट. याने मात्र सगळ्यांनाच चटका बसला, कारण तो फक्त व्यापाऱ्यांपुरता नव्हता. खरेदीखत, इच्छापत्र, वकिलाची सनद, वर्तमानपत्र, पंचांग, सगळं शिक्क्याच्या कागदावर. पत्त्यांच्या कॅटला एक शिलिंग, फाशांच्या जोडीला दहा शिलिंग. गंमत म्हणून नाही, नीट लक्षात घ्या: ज्यांचं काम शब्दांचं आहे अशा दोन जमाती, वकील आणि छापखानेवाले, या एका कायद्याने एकाच दिवशी दुखावल्या. १४ ऑगस्ट १७६५ ला बॉस्टनमध्ये शिक्क्यांचा वितरक नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा एल्मच्या झाडाला टांगला गेला. दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा द्यायचं कबूल केलं. १ नोव्हेंबरला कायदा लागू व्हायचा होता, तोवर बहुतेक सगळ्या वितरकांनी अंग काढून घेतलं होतं. कर गोळा करायला माणूसच नाही, तर कर कसला?

मार्च १७६६ मध्ये पार्लमेंटने तो कायदा रद्द केला. लोकांनी दिवे लावले, आतषबाजी केली. पण त्याच दिवशी दुसरा एक छोटा कायदा मंजूर झाला होता: वसाहतींवर "कोणत्याही बाबतीत" कायदे करायचा हक्क पार्लमेंटला आहे. कर गेला, हक्क ठेवून घेतला. आनंदाच्या भरात बहुतेकांनी तिकडे काणाडोळा केला.

आता बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. १७६७ मध्ये अर्थमंत्री टाउनशेंडने काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर आयात कर लावला. या कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की या पैशांतून वसाहतींतल्या न्यायदानाचा आणि मुलकी कारभाराचा खर्च करायचा. म्हणजे गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार!

हे एवढं मोठं का? बॉस्टन ज्या वसाहतीत येतं त्या मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नर राजा नेमायचा, पण त्याचा पगार दरवर्षी स्थानिक विधानसभा मंजूर करायची. गव्हर्नर फार ताठला तर सभा पगार अडवून धरायची. सामान्य माणसाच्या हातात राजाच्या माणसावर असलेला तो एकमेव लगाम होता. चहाच्या तीन पेन्सांनी तो लगाम कापला. १७७२ मध्ये गव्हर्नर हचिन्सनने सभेला सांगितलं की माझा पगार आता तुमच्याकडून नको, तो राजाकडून येतो. पुढे न्यायाधीशांचंही तेच होणार असं कळलं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सॅम्युअल अ‍ॅडम्सने बॉस्टनच्या गावसभेत पत्रव्यवहार समिती स्थापन करवली, बाकीच्या गावांना पत्रं लिहून एकत्र जोडणारी. चहा बुडायच्या वर्षभर आधी.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग बरोबर आहे त्यांचं." आणि चष्मा पुसत बसले.

पुढचं टप्प्याटप्प्याने लिहीन. तुम्हीही लिहा.

---

मुळाकाठ

ताई, उत्तम धागा. लेखाशीर्षाचा मुद्दा मी पहिल्यांदाच वाचला. बाबांना नमस्कार सांगा.

तरी दुसरी बाजू मांडतो. युद्ध झालं ते काही अंशी वसाहतींच्याच सीमेवर. कर्ज झालं ते त्यांच्याही रक्षणासाठी. इंग्लंडातला सामान्य माणूस वसाहतीतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता, आणि स्टॅम्प पेपरचा कर तर इंग्लंडात सतराव्या शतकापासून होता. लंडनमध्ये बसलेल्या माणसाला "यांनीही थोडा वाटा उचलावा" असं वाटणं मला अन्यायाचं वाटत नाही.

आणि जमावाने जे केलं त्याबद्दलही लिहायला हवं. २६ ऑगस्ट १७६५ च्या रात्री बॉस्टनच्या जमावाने हचिन्सनचं घर फोडलं. दारं, खिडक्या, आतल्या भिंतीसुद्धा. तो मॅसॅच्युसेट्सचा इतिहास लिहीत होता, त्याची हस्तलिखितं चिखलात फेकली. आणि हचिन्सन स्वतः स्टॅम्प अ‍ॅक्टच्या विरोधात होता! बॉस्टनमध्येच जन्मलेला माणूस. १७७४ मध्ये इंग्लंडला गेला आणि १७८० मध्ये तिथेच वारला, परत आपली माती दिसली नाही. जानेवारी १७७४ मध्ये कस्टमच्या जॉन माल्कमला तर कडाक्याच्या थंडीत कपडे उतरवून डांबर आणि पिसं फासून गावभर फिरवलं. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. कारण न्याय्य असलं म्हणून हे न्याय्य होत नाही.

---

सांजवेळ

मुळाकाठ काका, हचिन्सनबद्दल पूर्ण सहमत. त्या माणसाचं मला वाईट वाटतं. पण एक तपशील जोडते. १७७३ च्या चहा कायद्यात ईस्ट इंडिया कंपनीने ठराविक एजंटांमार्फतच चहा विकायचा होता. बॉस्टनच्या एजंटांत हचिन्सनची दोन मुलं होती, थॉमस आणि इलायशा. स्वतःचा पगार चहाच्या करातून, मुलांचा धंदा चहाच्या विक्रीतून. अशा वेळी त्याने कायद्यावर बोट ठेवून अडून बसायला नको होतं.

त्या शेवटच्या वीस दिवसांचं थोडं सविस्तर सांगते, कारण सगळं त्यात आहे. चहाचं 'डार्टमाउथ' जहाज २८ नोव्हेंबरला बंदरात आलं. नियम असा की वीस दिवसांत कर भरून माल उतरवला नाही तर कस्टमने तो जप्त करायचा. जप्त झाला की तो विकला जाणार आणि कर वसूल होणार. म्हणजे १६ डिसेंबरची मध्यरात्र ही मुदत. लोकांचं म्हणणं, जहाज आहे तसं परत पाठवा. पण कर भरल्याशिवाय बंदर सोडायचा परवाना नाही. जहाजाचा मालक रॉच, तेवीस वर्षांचा पोरगा, बिचारा दोन्हीकडून सापडलेला. १६ तारखेला सभेने त्याला मिल्टनला हचिन्सनच्या घरी पाठवलं, शेवटची विनंती करायला. डिसेंबरचा दिवस, लवकर अंधारणारा, बाहेर पाऊस. हजारो माणसं मेणबत्त्यांच्या उजेडात त्याची वाट बघत बसलेली. तो सहाच्या सुमाराला परतला: गव्हर्नर नाही म्हणाले.

मग ग्रिफिन्स धक्क्यावर तीन जहाजांतल्या ३४२ पेट्या कुऱ्हाडींनी फोडल्या. ९२ हजार पौंड वजनाचा चहा, किंमत ९,६५९ पौंड. ओहोटी होती, पाणी उथळ, त्यामुळे चहा बुडेना, जहाजाला टेकून त्याचे ढीग लागले आणि पोरांना पाण्यात उतरून ते ढकलावे लागले. दुसऱ्या कुठल्याही मालाला हात लावला नाही. एकाने कोटाच्या अस्तरात चहा भरला होता, त्याला लोकांनीच पकडून चोप दिला. माल्कमच्या जमावात आणि या जमावात मला म्हणून फरक दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या डॉर्चेस्टरच्या किनाऱ्यावर वाहून आलेली चहाची पत्ती कुणीतरी एका काचेच्या बाटलीत भरून ठेवली. ती बाटली आजही मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे. मी फोटो आईला दाखवला. ती बघतच राहिली. म्हणाली, "ज्याने भरून ठेवली त्याला कळलं होतं बघ."

---

गोदातीर

वाचतोय. खूप ठिकाणी "भारतातला चहा बॉस्टनमध्ये बुडवला" असं लिहिलेलं असतं, म्हणून आधी तेवढं दुरुस्त करतो. तो चहा चिनी होता. बराचसा बोही नावाचा काळा, हलक्या प्रतीचा, शिवाय सिंगलो, हायसन वगैरे हिरवे प्रकार. आसामात चहाचे मळे त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी आले.

पण भारताचा संबंध आहे, आणि तो जास्त खोल आहे. चहा होता ईस्ट इंडिया कंपनीचा. १७६५ मध्ये कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क. चार-पाच वर्षांतच, १७६९-७० मध्ये, बंगालात भीषण दुष्काळ पडला आणि तरी वसुली थांबली नाही. १७७२ पर्यंत कंपनी स्वतःच डबघाईला आली होती. लंडनच्या वखारींत जवळपास पावणेदोन कोटी पौंड वजनाचा चहा पडून. तिला वाचवायला पार्लमेंटने १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं आणि अमेरिकेची बाजारपेठ मोकळी करून दिली. तोच चहा कायदा.

आणि अमेरिकेतल्या लोकांना हे माहीत होतं! फिलाडेल्फियाचा जॉन डिकिन्सन, १७७३ मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या पत्रात, बंगालमध्ये कंपनीने काय केलं, दुष्काळात किती माणसं मेली हे सांगून बजावतो की आता यांची नजर आपल्यावर आहे. आपल्याकडच्या मेलेल्या माणसांची आठवण तिकडच्या एका पत्रात आहे, हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नव्हतो.

---

रानजाई

सगळेच फार छान लिहिताय. मी बायकांबद्दल लिहिते, कारण पुस्तकांत त्या एका ओळीत उरकल्या जातात.

टाउनशेंडच्या करांविरुद्ध मुख्य हत्यार होतं बहिष्कार. विलायती माल घ्यायचा नाही. पण हे सभेत ठराव करून होत नाही. घरात काय येतं आणि काय येत नाही हे बाईच्या हातात. चहा बंद करायचा तर तिने. विलायती कापड नको तर चरख्यावर सूत तिने कातायचं. न्यू इंग्लंडच्या गावोगावी बायका सकाळपासून पाद्र्याच्या घरी चरखे घेऊन जमायच्या आणि संध्याकाळपर्यंत सूत कातायच्या. चहाऐवजी रानपाल्याचे काढे प्यायच्या. घरी विणलेलं जाडंभरडं कापड अंगावर घालणं हीच मिरवायची गोष्ट झाली. ऑक्टोबर १७७४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एडेंटन गावात ५१ बायकांनी आपली नावं खाली लिहून बहिष्काराला पाठिंबा जाहीर केला. नावानिशी! लंडनच्या वर्तमानपत्रात ते छापून आलं आणि तिथे त्यांची टिंगल करणारं चित्रही निघालं.

१९०५ च्या स्वदेशीत आपल्याकडे पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली, पुढे खादी आली. माझ्या पणजीकडे चरखा होता, तिचा एक फोटो आहे आमच्याकडे. त्या एडेंटनच्या बायकांबद्दल वाचताना मला तोच फोटो आठवतो.

---

बिनीचा_वाचक

एक प्रश्न. तेरा वसाहती एकमेकींपासून इतक्या वेगळ्या होत्या. धर्म वेगळे, धंदे वेगळे, सीमेवरून भांडणं. बॉस्टनने चहा बुडवला तर व्हर्जिनियाच्या तंबाखूवाल्या जमीनदाराने का मध्ये पडावं? एक कशा झाल्या?

---

सांजवेळ

त्याचं श्रेय मी लंडनच्या सरकारला देते. १७७४ मध्ये त्यांनी बॉस्टनला अद्दल घडवायला लागोपाठ कायदे केले. १ जूनपासून बंदर बंद, चहाची भरपाई होईपर्यंत. मॅसॅच्युसेट्सची सनद मोडून गव्हर्नरचं सल्लागार मंडळ राजाने नेमायचं, गावसभा गव्हर्नरच्या परवानगीशिवाय घ्यायची नाही. सरकारी माणसावर खटला झाला तर तो दुसरीकडे चालवता येईल. गुन्हेगार शे-दीडशे असतील, शिक्षा अख्ख्या शहराला. बंदर बंद म्हणजे हमाल, सुतार, दोरवाले, मच्छीमार सगळ्यांच्या चुली बंद. मग बाकीच्या वसाहतींतून मदत सुरू झाली. साउथ कॅरोलायनातून तांदूळ, कनेटिकटमधून मेंढ्या. प्रत्येकाला दिसलं की आज बॉस्टनची सनद मोडली, उद्या आपली. सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियात बारा वसाहतींचे प्रतिनिधी जमले, जॉर्जिया तेवढी आली नाही. तिथे बहिष्काराचा करार झाला आणि तो पाळला जातो की नाही हे बघायला प्रत्येक गावात, काउंटीत समिती निवडायची ठरली.

पण मला खरं सांगायचंय ते माझ्या गावाबद्दल. मी वुस्टरमध्ये राहते. इथल्या मेन स्ट्रीटवरून मी रोज ऑफिसला जाते आणि दहा वर्षं मला पत्ता नव्हता की इथे काय झालं होतं.

६ सप्टेंबर १७७४. नव्या कायद्यानुसार इथलं काउंटी न्यायालय भरायचं होतं. सकाळी ३७ गावांतून ४,६२२ माणसं आली. हा नेमका आकडा आहे, कारण एकाने गावागणिक मोजणी करून लिहून ठेवली. वुस्टरची तेव्हाची वस्ती दोन हजारांच्या आसपास असेल, त्यावरून गर्दीचा अंदाज करा. त्यांनी न्यायालयाचं दार बंद केलं. न्यायाधीश आणि कारकून मिळून पंचवीसेक जण जवळच्या खानावळीत थांबले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गावागणिक रांगा लागल्या. त्या रांगांमधून न्यायाधीशांना टोप्या हातात घेऊन चालत जावं लागलं, आणि "या कायद्याखाली आम्ही काम करणार नाही" हे तीसहून जास्त वेळा वाचून दाखवावं लागलं, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जाईल. एक गोळी सुटली नाही. सेनापती आणि नवा गव्हर्नर गेज याने सैन्य पाठवायचं मनात आणलं होतं, पण पाठवलं नाही.

त्या संध्याकाळनंतर वुस्टर काउंटीत राजाची सत्ता परत आली नाही. युद्धाची पहिली गोळी लेक्सिंग्टनला त्यानंतर सात महिन्यांनी सुटली.

आणि करांचं काय झालं ते ऐका. ऑक्टोबरमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी स्वतःची प्रांतिक काँग्रेस भरवली आणि गावच्या वसुली करणाऱ्यांना कळवलं: गोळा केलेला कर राजाच्या खजिनदाराकडे भरू नका, आम्ही नेमलेल्या हेन्री गार्डनरकडे भरा. कर बंद केला नाही! भरायचं खातं बदललं. हे वाचून दाखवलं तेव्हा बाबा चक्क उठून उभे राहिले. "हे झालं त्या दिवशी राज्य बदललं," म्हणाले.

---

मुळाकाठ

वुस्टरची हकिकत माहीत नव्हती. शब्द नाहीत. वर मी जमावाबद्दल लिहिलं, त्याला हे उत्तर आहे.

---

बिनीचा_वाचक

धन्यवाद ताई. मग युद्धाचा भाग मी थोडा भरतो.

एप्रिल १७७५ मध्ये कॉन्कॉर्डला साठवलेली शस्त्रं जप्त करायला गेजने सातशेच्या आसपास सैनिक पाठवले. १९ तारखेच्या पहाटे लेक्सिंग्टनच्या मैदानावर ७७ गावकरी उभे होते. आठ मेले. पण परतीच्या वाटेवर दगडी कुंपणांच्या आडून गोळीबार होत राहिला आणि संध्याकाळपर्यंत इंग्रजांचे ७३ मेले, जखमी आणि बेपत्ता धरून २७३. जूनमध्ये बंकर हिलची लढाई इंग्रज जिंकले, पण मेलेले आणि जखमी मिळून हजारावर माणसं गमावून.

मला यात सगळ्यात जास्त विचार करायला लावतं ते पुढचं वर्ष. रक्त सांडल्यावरही या लोकांना स्वातंत्र्य नको होतं! जुलै १७७५ मध्ये वसाहतींच्या संयुक्त काँग्रेसने राजाला विनंतीअर्ज पाठवला, अत्यंत नम्र भाषेत. राजाने तो घेतला नाही, ऑगस्टमध्ये त्यांना बंडखोर जाहीर केलं. तोपर्यंत सगळा राग पार्लमेंटवर आणि मंत्र्यांवर होता, राजा म्हणजे मायबाप. जानेवारी १७७६ मध्ये थॉमस पेनची 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका आली आणि तिने साध्या, रोखठोक भाषेत राजावरच बोट ठेवलं. सहा महिन्यांत गाडी स्वातंत्र्यावर आली.

४ जुलैचा जाहीरनामा काढून बघा. राजाविरुद्ध तक्रारींची लांबलचक यादी आहे. "आमच्या संमतीशिवाय कर लादले" ही त्यात एकच ओळ, ज्युरी काढून घेण्याच्या ओळीशेजारी. आणि न्यायाधीशांचे पगार राजाने आपल्या मर्जीवर ठेवले ही तक्रार तिच्याही आधी येते. सांजवेळ ताईंच्या बाबांनी विचारलं ते तिथे लिहिलेलं आहे.

---

शमी

मला बोलायचंच आहे. वाचताना भरून येतं, पण त्या वेळी तिथे पंचवीस लाख लोकवस्तीत पाच लाखांच्या आसपास गुलाम होते. त्यांचा घाम कुठल्या लेखाशीर्षात जमा होत होता?

त्यांनी ही भाषा ऐकली आणि लगेच वापरली, हे विसरू नका. १७७३ मध्येच बॉस्टनच्या गुलामांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेकडे स्वातंत्र्यासाठी अर्ज केले. तुम्ही इंग्रजांविरुद्ध जे मागता तेच आम्ही तुमच्याकडे मागतो, असा रोख. काही मिळालं नाही. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र धरतील ते मुक्त. त्याने हे दयेपोटी केलं नाही, तरी शेकडो माणसं जीव मुठीत धरून त्याच्याकडे पळाली. त्यांच्यासाठी स्वातंत्र्य इंग्रजांच्या छावणीत होतं. युद्धानंतर सुमारे तीन हजार कृष्णवर्णीय न्यूयॉर्कहून जहाजांनी नोव्हा स्कोशियाला गेले.

आणि एक बाई. एलिझाबेथ फ्रीमन, तेव्हाचं नाव बेट. पश्चिम मॅसॅच्युसेट्समधली गुलाम. राज्याच्या १७८० च्या घटनेत सगळी माणसं जन्मतः मुक्त आणि समान आहेत असं आलं, तर ती वकिलाकडे गेली आणि १७८१ मध्ये खटला जिंकून मुक्त झाली. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जवळची तीच वाटते.

---

सांजवेळ

शमी, हे तू लिहिलंस ते फार बरं केलंस. माझ्या धाग्यात हे माझ्याकडून आधीच यायला हवं होतं. चहा बुडवणाऱ्यांनी मोहॉक या तिथल्या मूळ रहिवासी जमातीचा वेश केला होता, आणि १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या हुकुमावरून सलिव्हनच्या फौजेने त्याच मोहॉकांच्या इरोक्वॉय संघातल्या लोकांची गावं आणि उभी मक्याची शेतं जाळली. तेही याच हिशोबात धरायला हवं.

---

गोदातीर

आता शेवट आणि आपल्याकडचं सूत.

ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगाला बर्गॉइनची इंग्रज फौज शरण आली आणि फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्स उघडपणे अमेरिकेच्या बाजूने आला. तिथून हे जगभरचं युद्ध झालं. त्याच सुमारास, १७७७ मध्ये, सेंट लुबिन नावाचा फ्रेंच पुण्यात नाना फडणविसांकडे आला होता आणि कंपनीला धडकी भरली होती. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना तह करायला लावला. वडगाव मावळला गेलात तर हे मनात ठेवा की त्याच वेळी इंग्रजांचं सैन्य अटलांटिकपलीकडेही अडकलेलं होतं.

१९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसच्या फौजेने शरणागती पत्करली. तो स्वतः आजाराचं कारण सांगून समारंभाला आला नाही. १७८३ मध्ये पॅरिसचा तह होऊन युद्ध संपलं. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध त्याच्या जोडीला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन होते. आणि १७९३ मध्ये त्याने बंगालात कायमधारा पद्धत आणली. महसूल कायमचा ठरवून दिला, पण तो ज्याच्याकडून घ्यायचा त्या कुळाला कुणी काही विचारलं नाही. अमेरिकेत तलवार खाली ठेवून आलेला माणूस इथे कराचा कायदा लिहून गेला.

---

मुळाकाठ

ताई, एक शेवटचं. इंग्रज गेल्यावर कर कमी झाले का?

---

सांजवेळ

नाही काका, वाढले. युद्धात छापलेल्या कागदी नोटांची किंमत मातीमोल झाली होती. मॅसॅच्युसेट्सच्या सरकारने युद्धाचं कर्ज फेडायला जबर कर लावले आणि ते नाण्यांत मागितले. गावाकडच्या शेतकऱ्याकडे नाणी कुठून असणार? त्यातले कित्येक युद्धात लढून आलेले, ज्यांचा पगार कधी नीट मिळाला नव्हता. जमिनींचे लिलाव आणि कर्जासाठी तुरुंग सुरू झाले.

१७८६ मध्ये डॅनियल शेज आणि इतरांच्या मागे हे शेतकरी उठले. शेज बंकर हिलला लढला होता. त्यांनी काय केलं असेल? न्यायालयं बंद पाडायला सुरुवात केली. आणि त्यांच्या विरोधात कडक कायदा करायला पुढे झालेल्यांत सॅम्युअल अ‍ॅडम्स होता.

५ सप्टेंबर १७८६ ला ते वुस्टरला आले. त्याच मेन स्ट्रीटवर, न्यायालयाच्या पायऱ्यांवर संगिनी रोखून उभे राहिले. समोरून चालत आलेला न्यायाधीश होता आर्टेमस वॉर्ड, १७७५ मध्ये बॉस्टनला वेढा घालून बसलेल्या गावकऱ्यांचा सेनापती. पायऱ्यांवरच्या काही जणांनी त्याच्या हाताखाली बंदूक धरलेली होती. त्यांनी त्याला आत जाऊ दिलं नाही.

काल संध्याकाळी बाबांना घेऊन त्या जागेवर जाऊन आले. थंडी होती, तरी ते बराच वेळ तिथेच उभे होते.